संक्रांतीच्या शंभर डब्या आणि साठ शुभेच्छापत्रं : कामाच्या नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार

तुळशीचं लग्न लागलं आणि पुढच्या दहा दिवसांत माझ्या भाचीचंही लागलं. आता तिची पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू, सगळं ताईच्या घरी, शनिवारी १८ जानेवारीला. ताईने विचारलं, "तिळगुळाच्या डब्या तू करशील का? शंभर लागतील." भाचीने लगेच भर घातली, "आणि मावशी, ज्यांना येता येणार नाही त्यांना हाताने केलेली कार्डं पाठवू या. काळ्यावर पांढरा हलवा दिसला पाहिजे." मी दोन्हीला हो म्हटलं. शंभर डब्या, साठ कार्डं, हाताशी सहा रविवार आणि रोज रात्रीचा तासभर.

याआधी मी वाढदिवसांपुरती पाच-दहा कार्डं केली आहेत. शंभराचा आकडा पहिल्यांदाच. कुणी असंच काम काढलं तर उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी. चुका होतील तशा त्याही लिहीन.

आज फक्त मापं. ताईच्या हातचा लाडू ३ सेंमी व्यासाचा, वजन १५ ग्रॅमच्या आसपास. एका डबीत चार लाडू. म्हणजे तळ ७ × ७ सेंमी, उंची साडेतीन, आणि त्यासाठी १४ × १४ सेंमीचा तुकडा. कार्डशीट २२ × २८ इंचांचा मिळतो, म्हणजे ५६ × ७१ सेंमी. चार गुणिले पाच, वीस तुकडे. पाच शीटमध्ये काम होतंय. हिशेब छान बसला.

११ डिसेंबर, बुधवार

अर्धी रजा टाकून खरेदी. डब्यांच्या तळासाठी पुण्याच्या बोहरी आळीतून फिकट पिवळसर कार्डशीट, २५० जीएसएमचे (चौरस मीटरला २५० ग्रॅम, म्हणजे चांगले जाड) सहा. कार्डांसाठी तिथूनच काळे कार्डशीट सहा. झाकणासाठी मात्र मला हातकागदच हवा होता. तो शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणला. १९४० सालची ही संस्था सुती चिंध्यांपासून कागद बनवते, आणि तो कागद हातात घेतला की चिंधीचा मऊपणा कळतो. काळ्या रंगाचे चार ताव घेतले, २२ × ३० इंचांचे, कडा झालरीसारख्या फाटक्या. घरी आल्यावर ओल्या बोटाने एक कोपरा चोळून पाहिला. रंग बोटाला लागला नाही. हळदीकुंकवाला सगळ्याजणी ठेवणीतल्या साड्या नेसून येणार, म्हणून ही परीक्षा सगळ्यात आधी.

१५ डिसेंबर, रविवार

पहिल्याच शीटला फटका. चार तुकड्यांची ओळ आखायला घेतली आणि चौथा तुकडा बसेना. २२ इंच म्हणजे ५६ सेंमी नव्हे, ५५.८८. सव्वा मिलिमीटर कमी. शिवाय शीटचे कोपरे काटकोनात नव्हते, तिथे आणखी एखादा मिलिमीटर गेला. पूर्ण एक ओळ, म्हणजे पाच तुकडे वाया. विसाच्या जागी पंधराच निघाले.

डबीचंच माप बदललं. १३.८ × १३.८ चा तुकडा, तळ ६.८, उंची ३.५. चारांचे ५५.२ होतात, कडेला सहा-सात मिलिमीटर उरतात, तेवढ्यात शीटचा तिरकेपणा सामावतो. पहिले पंधरा तुकडेही नंतर छाटून याच मापाचे केले.

मग झाकणाचाही हिशेब नव्याने मांडला आणि तिथे मात्र फायदा झाला. झाकणाची उंची आधी २ सेंमी धरली होती, त्याने एका तावात चोवीसच बसत होती. उंची पावणेदोन केली की तुकडा १०.६ चा होतो, रुंदीत पाच आणि लांबीत सात बसतात, पस्तीस झाकणं. झालरीच्या कडाही सोडता येतात. अडीच मिलिमीटर उंची कमी केल्याने तावामागे अकरा झाकणं वाढली. कापायच्या आधी ताव जमिनीवर पसरून पेन्सिलीने आखून बघा, कागदावरच्या गुणाकारावर विसंबू नका.

१७ डिसेंबर, मंगळवार

काळं कार्डशीट चुकीचं निघालं. पहिलं कार्ड दुमडलं आणि घडीवर पांढरी रेघ उमटली. हा कागद वरवर काळा, पोटात पांढरा. दुकानाचा यात दोष नाही, मी विचारलंच नव्हतं. घडीवर काळं स्केचपेन फिरवून दहाबारा कार्डं झाकायचा प्रयत्न केला, पण उजेडात ती शाई जांभळट दिसते. सोडून दिलं. सहाच्या सहा शीट बाजूला.

घेताना कोपऱ्याचा छोटासा तुकडा फाडून बघायचा. फाटलेली कड काळीच दिसली तर कागद आरपार रंगवलेला. उद्या परत पेठेत.

२० डिसेंबर, शुक्रवार

आरपार काळा कागद मिळाला, शीटला दहा रुपये जास्त. पण घडी अजूनही खरबरीत येत होती, जणू कुणीतरी कुरतडली आहे. दोन संध्याकाळी यात गेल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

गिरणीच्या कागदात तंतू एका दिशेने निजलेले असतात. बाइंडिंगवाले त्याला ग्रेन म्हणतात. त्या दिशेला समांतर दुमडला तर कागद सहज वळतो, आडवा दुमडला तर तंतू मोडतात आणि घडी फुटते. ओळखायला कागद एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत नुसता वाकवून सोडायचा. ज्या वळणाला कमी अडतो, त्या वळणाच्या रेषेला समांतर तंतूंची दिशा. माझ्या शीटमध्ये ती लांबीच्या बाजूने होती आणि मी कार्डं नेमकी आडवी मांडली होती, कारण तशी एका शीटमध्ये बारा बसतात. दिशा सांभाळली की दहाच बसतात. शीटमागे दोन कार्डांचं नुकसान सोसलं आणि दिशा धरली. साठ कार्डांना सहा शीट.

डबीच्या चार घड्यांत दोन नेहमीच आडव्या येणार, तिथे दिशेचा इलाज नाही. तिथे चर पाडावी लागते. आधी ब्लेडने अर्धवट कापून पाहिलं. दिसायला घडी सुरेख येते, पण झाकण चार-पाचदा उघडलं की तिथेच फाटते. मग संपलेलं बॉलपेन घेतलं, ज्यातून शाई येत नाही ते, आणि पट्टी धरून दोनदा जोर देऊन ओढलं. खाली जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवली की चर खोल बसते. चर कागदाच्या बाहेरच्या अंगाला पाडायची आणि तिच्यापासून उलट दिशेने दुमडायचं, म्हणजे मागे आलेला उंचवटा डबीच्या आत राहतो. इतकी वर्षं मी चरीच्या आत दुमडत आले होते.

हातकागदाला ही कटकट जवळजवळ नाही. एकेक ताव साच्यावर उचलून केलेला, तंतू सगळीकडे विखुरलेले. कसाही दुमडा. मात्र ब्लेड जरा बोथट झालं तरी कडेला कापूस सुटतो. दर आठ-दहा कापांनी ब्लेडचं टोक मोडून नवं घ्यायचं.

२२ डिसेंबर, रविवार

पहिली पूर्ण डबी तयार. झाकणाचं माप तिसऱ्या खेपेला जमलं. तळापेक्षा १ मिमी मोठं केलं तर बसतच नाही, कारण कोपऱ्यात कागदाचे दोन-दोन थर आलेले असतात. २ मिमी ठेवलं तर बसतं, पण उचलताना डबीही सोबत वर येते. ३ मिमीवर झाकण अलगद बसतं आणि अलगद निघतं. तळ ६.८, झाकण ७.१.

चिकटवायला आधी डबल टेप वापरली, पटकन होतं म्हणून. सकाळी पाहिलं तर पाचपैकी तीन डब्यांचे कोपरे उघडलेले. जाड कागद दुमडला की उलटा ताण देत राहतो, टेपची पकड त्याला पुरत नाही. आई म्हणाली, "खळ कर." लहानपणी पतंग आम्ही कणकेच्या खळीनेच चिकटवायचो. पण खळ टिकायला तीत मोरचूद घालतात आणि ते विष आहे, खाऊच्या डबीला चालायचं नाही. मोरचूद न घालता केली तर कीड लागते. शेवटी फेव्हिकॉल. तोही जास्त झाला की कागद ओला होऊन सुरकुततो. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने पातळ थर ओढायचा आणि कोपऱ्याला कपड्यांचा चिमटा लावून वीस मिनिटं ठेवायचं. घरात छत्तीस चिमटे आहेत, म्हणजे एका वेळी नऊ डब्या.

रात्री ताईने नमुन्याचे चार लाडू दिले. डबीत भरून ठेवले.

२३ डिसेंबर, सोमवार

सकाळी डबी उचलली तर तळाला रुपयाएवढे चार तेलकट डाग. खालच्या टेबलक्लॉथवरही पुसट उमटले होते. तिळात जवळजवळ निम्मं तेलच असतं, आणि ताई लाडवात वरून तूपही घालते. हे मला आधी सुचायला हवं होतं. शंभर डब्या तशाच भरल्या असत्या तर शंभर साड्यांवर डाग गेले असते. आज दिवसभर मनात तेच घोळत होतं.

घरात होता तो बटर पेपर तळाला घालून पाहिला. स्टेशनरीच्या दुकानातला, चित्रं गिरवायचा. सहा तासांत तेल त्यातूनही आलं. मग किराणा दुकानातून स्वयंपाकाचा बटर पेपर आणला. त्यातून तेल आलं नाही, पण लाडू डबीत घरंगळून कडांना टेकत होते आणि तिथे डाग पडत होते. बाजूंनाही कागद हवा होता.

२५ डिसेंबर, बुधवार

चॉकलेटसाठी मिळतात ते तेल न शोषणारे कागदी कप आणले, तळ ३ सेंमीचा, कडा वर आलेल्या. डबीत बरोबर चार बसतात आणि लाडू जागच्या जागी राहतात. एक डबी भरून चार दिवस ठेवते आहे, अगदी पंख्याखाली, कपाटात आणि उन्हाच्या खिडकीशी फिरवत. या सबंध कामात हाच नमुना महत्त्वाचा. रिकामी डबी कितीही नेटकी दिसली तरी तिच्यात जे घालायचं आहे ते घालून चार दिवस गेल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे आता पक्कं केलं.

२८ डिसेंबर, शनिवार

कपांची डबी कोरडी. तळ स्वच्छ, बाजू स्वच्छ. पुढे जायला हरकत नाही.

आता कार्डं. भाचीला काळ्यावर हलवा हवाय, तर खराच हलवा लावू या, असं वाटलं. बारीक काटेरी हलवा आणला, फेव्हिकॉलच्या थेंबावर एकेक दाणा चिमट्याने बसवला, मंगळसूत्राच्या वाट्यांची नक्षी केली. एका कार्डाला चाळीस दाणे, तीस मिनिटं. इतकं देखणं दिसलं की तीन कार्डं लागोपाठ केली. एक साताऱ्याच्या आत्याला पाच रुपयांचं तिकीट लावून नमुना म्हणून पोस्टात टाकलं, दोन शोकेसमध्ये ठेवली.

३१ डिसेंबर, मंगळवार

शोकेसमध्ये मुंग्यांची रांग. दोन्ही कार्डांवर हलव्याचे अर्धे दाणे पोखरलेले आणि काळ्या कागदावर साखरेचा भुगा.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आत्याचा फोन. कार्ड पोचलं, पण बेरंग, म्हणजे तिकीट कमी पडलेलं. दहा रुपये भरून सोडवून घेतलं म्हणाली. पाकीट उघडलं तर हलव्याचा चुरा हातात आला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर शोकेसमधलं एक कार्ड, लिहायचा आतला कागद आणि पाकीट एकत्र ठेवलं. पोखरलेला हलवा धरूनही २३ ग्रॅम. पाच रुपयांत २० ग्रॅमपर्यंतच जातं, वर गेलं की दहाचं तिकीट लागतं, आणि कमी पडलेल्या पाच रुपयांची दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल होते. आत्याला मनापासून वाईट वाटून मी माफी मागितली, तर ती म्हणाली, "अगं, कितीतरी वर्षांत मला कुणी कार्ड पाठवलं नव्हतं. दहा रुपयांचं काय घेऊन बसलीस." त्यानंतर मला हे काम अर्धवट सोडणं शक्यच नव्हतं.

५ जानेवारी, रविवार

हलव्याला पर्याय सापडला. कापडावर नक्षी काढायला वापरतात ते पांढरं थ्रीडी आउटलायनर. ट्यूबच्या टोकातून थेंब सोडला की तो उंच राहतो आणि वाळला की घट्ट होतो. अडचण एवढीच की ट्यूब वर उचलली की थेंबाला शेपूट येतं. टोक थेंबातच थोडं फिरवून बाजूला न्यायचं, मग शेपूट तुटतं.

पण गुळगुळीत थेंब मोत्यासारखा दिसतो. हलव्याला काटा हवा. आई जवळ बसून बघत होती. ती पूर्वी घरी हलवा करायची, मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, चमच्याने थेंब-थेंब पाक आणि बोटांनी सतत हलवणं. चार-पाच दिवस चालायचं ते काम. ती म्हणाली, "काटा पाक आळताना येतो. हेही जरा आळू दे." दहा मिनिटं थांबले आणि टाचणीच्या टोकाने थेंबाला पाच ठिकाणी हलकेच टोचून वर ओढलं. बारीक टोकं उभी राहिली आणि तशीच वाळली. दोन फुटांवरून कुणालाही हलवाच वाटेल. पाच मिनिटांच्या आत टोचलं तर टोकं परत बसतात, पंधरानंतर साय धरते आणि ती फाटते. आठ ते बारा मिनिटं ही वेळ. म्हणून पाच-पाच कार्डांचा गट: पाचव्यावर थेंब सोडून झाले की पहिलं टोचायला घ्यायचं.

६ जानेवारी, सोमवार

काल रात्री घाई केली. दोन तासांत वरून वाळल्यासारखे वाटले म्हणून अठरा कार्डं एकावर एक रचली. सकाळी नऊ एकमेकांना चिकटली होती, सोडवताना कागदाचा पापुद्रा निघाला. नऊ कार्डं बाद, एक शीट नव्याने आणायचं. आता रात्रभर जमिनीवर पसरूनच ठेवते. घरातल्यांना दोन दिवस भिंतीच्या कडेने चालायला सांगितलं आहे.

९ जानेवारी, गुरुवार

पाकिटं. एक जुनं पाकीट उकलून त्यावरून पुठ्ठ्याचा साचा केला, साठ पाकिटं दोन संध्याकाळी. नवं कार्ड, आतला पांढरा कागद आणि पाकीट मिळून १६ ग्रॅम. काळ्या कागदावर लिहिता येत नाही म्हणून आत पांढरा कागद घडीजवळ एकाच रेषेत चिकटवला. पूर्ण पानाला गोंद लावला की कार्ड वाकतं. आतला मजकूर भाची स्वतःच्या हाताने लिहिते आहे, प्रत्येकाला वेगळा. छत्तीस पोस्टाने आज गेली, बाकीची हातोहात.

१२ जानेवारी, रविवार

डब्यांचा शेवटचा मोठा दिवस. ताई, भाची आणि मी. एक चरी पाडायला, एक कापायला, एक गोंद आणि चिमट्यांना. सुरुवातीला मला एका डबीला अठरा मिनिटं लागत होती. आज तिघींच्या हाताखाली सरासरी सात मिनिटांना एक पडली. झाकणावर मधोमध नऊ थेंबांचं फूल आणि त्याच्या मध्यात कुंकवाच्या रंगाचा एक ठिपका. शंभर पूर्ण, वर चार.

१७ जानेवारी, शुक्रवार

लाडू भरले. आधी भरून ठेवले नाहीत. कप असले तरी दिवस जितके कमी तितकं बरं.

१८ जानेवारी, शनिवार

शहाण्णव डब्या गेल्या. काळ्या झाकणावरचं फूल बघून एका आजींनी ते नखाने हळूच उचलायचा प्रयत्न केला आणि भाचीला म्हणाल्या, "खाता येत नाही का हे?" भाची काळ्या चंद्रकळेत, गळ्यात हलव्याचा हार, हातात तसलीच काळी-पांढरी डबी. हार आणि झाकण शेजारी धरून तिने मला लांबून दाखवलं. काटा सारखाच दिसत होता.

२६ जानेवारी, रविवार

हिशेब. सगळा कागद १,००५ रुपये, त्यात पोटात पांढऱ्या निघालेल्या सहा शीटचे २१० धरले आहेत. चॉकलेटचे कप ३००. आउटलायनर पाच ट्यूब २७५. फेव्हिकॉल, ब्लेड, वाया गेलेली टेप आणि दोन्ही बटर पेपर मिळून २२५. पोस्टाची तिकिटं १८५. एकूण १,९९०. कटिंग मॅट आणि लोखंडी पट्टी घरात होती, नसेल तर तो खर्च वेगळा. डबी नऊ रुपयांच्या आतच पडली. वेळ मात्र साठ तासांच्या आसपास, त्यातले सतरा-अठरा तास मोडतोड आणि पुन्हा करण्यात गेले.

पुढच्या वेळी मी कामाचा क्रम उलटा धरीन. आधी लाडू, मग लाडवाभोवतीचा कप, मग डबी, आणि नक्षी सगळ्यात शेवटी.

उरलेल्या आठ डब्यांपैकी एकीत चार लाडू तसेच ठेवले होते, किती दिवस निभावते ते बघायला. आज नववा दिवस. कपांना तेल लागलंय, डबीचा तळ कोरडा आहे. १३.८ आणि १०.६ चे पुठ्ठ्याचे साचे कपाटात ठेवले, त्यांच्यावर मापं शाईने लिहून. काळं, पोटात पांढरं असलेलं कार्डशीट शेजारच्या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी दिलं. न दुमडता वापरायचं असेल तर तो कागद चांगला आहे.